पाट्यावरची डबल बेल

इथं भुताखेताचे अनुभव लिहिणारे सगळेच आधी सांगतात की आपला अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. त्यांचं खरं-खोटं त्यांच्यापाशी. माझं मात्र पुराव्यानिशी आहे. मी लाल डब्याचा ड्रायव्हर. उभी हयात बीड जिल्ह्यातल्या रस्त्यांवर गेली, आणि या जिल्ह्यात झपाटलेलं म्हणून जेवढं झाड, जेवढा पूल, जेवढं वळण आहे, त्या प्रत्येकावरून मी गाडी काढलीय. मांजरसुंब्याच्या घाटात पांढऱ्या साडीतली बाई हात करते म्हणतात ना? मलाही केला. मी गाडी थांबवली. आमच्या शब्बीर कंडक्टरनं दार उघडून विचारलं, "कुटं जायचं बाई? सुट्टे हायत का?" – बाई जी गायब झाली, ती त्या घाटात परत कुणाला दिसलेली नाही. तिचा बंदोबस्त आम्ही केलाय. सरकारनं त्याची नोंद घेतली नाही, तो भाग वेगळा.

यातलं किती धरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी वाढवून सांगतो हे अख्ख्या केजला ठाऊक आहे. माझ्या तोंडून गाडी कायम ताशी शंभरनं पळते. पण आता जे सांगतोय त्यात माझ्या पदरचं काही नाही. आणि हो... रात्र, अमावस्या, कुत्र्याचं रडणं, असलं काही मिळणार नाही. जे झालं ते भर दुपारी, पंख्याखाली, माझ्या स्वतःच्या घरात झालं.

घर केजमध्येच. हायवेपासून एक गल्ली आत. पुढं बैठकीची खोली, मागं स्वयंपाकघर, त्यामागं छोटं अंगण. सगळीकडं शहाबादी फरशी. राहणारा माणूस एक – मी.

आमची कौसल्या – माझी बायको – वारल्यापासूनचं हे. ती बोलायला कमी होती, पण घर वाजतं ठेवायची. भांडं, बादली, बांगडी, पाटा-वरवंटा – कुठून तरी आवाज यायचाच. ड्युटीवरून आलो की दाराच्या बाहेरूनच कळायचं, गाडी चालू आहे. ती गेली आणि घराचं इंजिनच बंद पडलं. टीव्ही लावून बघितला. त्यात सदा माणसं एकमेकांवर ओरडत असतात, मध्ये मला बोलायला जागाच नाही. मंगल – माझी एकुलती एक लेक, लातूरला दिलेली – रोज फोन करायची. "आण्णा, जेवलाव का? हिकडं या ना. एकटं कावून ऱ्हायचं?" मी म्हणायचो, येतो की. आणि फोन ठेवायचो. मग परत ती शांतता. माझ्या घरातली शांतता इतकी घट्ट होती की पाल चुकचुकायला सुद्धा शेजारच्या घरी जायची.

अशात अंबाजोगाईला एका भंगारवाल्याकडं गेलो होतो, कूलरची मोटर बघायला. तिथं कोपऱ्यात जुन्या रेकॉर्डची चळत. काळ्या, मोठ्या, जाड कागदाच्या पाकिटातल्या. एकीवर सनईवाला, एकीवर फेटेवाले बुवा, आणि एक तर 'घरबसल्या जर्मन शिका'. मोटर राहिली बाजूला, मी ती अख्खी चळत उचलून आणली. वाजवायला घरात काही नाही, याची आठवण जीपमध्ये बसल्यावर आली. मांडीवर ओझं होतं म्हणून उतरताही येईना.

मग इंटरनेटवर शोधलं. रेकॉर्ड ऐकणाऱ्यांचा एक ग्रुप सापडला. सगळी पोरं-पोरी, पुण्या-बंगळुरूकडची, पण मायाळू. मी लिहिलं, मी निवृत्त ड्रायव्हर, माझ्याकडं रेकॉर्ड आहेत, मशीन नाही. असा पाऊस पडला सल्ल्यांचा की मोबाइल गरम झाला.

तुमच्यात कुणी या नादाला नवीन असेल तर त्याच्यासाठी सांगतो. ते सूटकेससारखं दिसणारं, पोटातच स्पीकर असलेलं मशीन घेऊ नका. दिसायला नवरीच्या बॅगेसारखं गोड, पण त्याची सुई रेकॉर्डवर नांगर धरते. साधं, बेल्टवर फिरणारं घ्या. सुईच्या दांडीला मागं वजन पाहिजे. ते वजन मागंपुढं फिरवून आधी दांडी हवेत तरंगवायची – वर नाही, खाली नाही – आणि मग सांगितलंय तेवढाच भार सुईवर द्यायचा. ही दांडी तरंगवायला मला अख्खी सकाळ लागली. शेवटी डोळे मिटले आणि घाट आठवला. चढावर क्लच सोडताना गाडी जिथं ना मागं जाते ना पुढं, नुसती थरथरत उभी राहते... तोच तो पॉइंट. एका हातात जमलं. ग्रुपवर हे लिहिलं तर तिथल्या पोरांनी मला 'उस्ताद' करून टाकलं. मीही नको म्हटलं नाही.

स्पीकर जावयानं पाठवून दिले. मशीन लोखंडी टेबलावर मांडलं, सनईवाला लावला. काय सांगू! पहिल्या फुंकेला गल्लीतल्या दोन म्हशींनी रवंथ थांबवला.

पण अडचण निघाली. हंगाम होता, हायवेवरून उसाचे ट्रॅक्टर चाललेले, मागं दोन-दोन ट्रॉल्या. एक ट्रॅक्टर गेला की टेबल हलायचं आणि सुई उडी मारायची. सनईवाला लग्नातून उठून थेट पाठवणीला पोचायचा. ग्रुपवर विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर – खाली जड दगड पाहिजे. दगडी लादी टाका, तिच्यावर मशीन ठेवा. हादरा दगड पिऊन टाकतो.

आता जड दगड म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर काय येणार? कौसल्याचा पाटा.

अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेला होता, वरवंटा शेजारी उभा. मिक्सर घरात आला तरी चटणी तिनं कधी त्यात केली नाही. तो पाटा म्हणजे... माझ्या लग्नात आला तेव्हा चार माणसांनी उतरवला होता. मी एकट्यानं उचलला. (बरं, शब्बीरभाई एका टोकाला होता. पण तो नुसता सूचना देत होता.) टेबलावर आडवा टाकला. पाटा एका अंगाला उतरता असतो, म्हणून खाली जुन्या ट्यूबचे तुकडे घालून सरळ केला, वाटीत पाणी ठेवून लेव्हल बघितली, वर मशीन बसवलं.

त्या दिवशी मंगलचा फोन आला.

"काय करायलाव आण्णा?"

"मशीन बसवायलो. आईच्या पाट्यावर."

ती म्हणाली, "आईच्या पाट्यावर? तुमाला दुसरा दगड भेटला न्हाई का?"

"अगं रिकामाच पडला व्हता की."

"पडला न्हवता, ठिवलेला व्हता," ती म्हणाली, आणि विषय बदलला.

पाट्यानं काम मात्र चोख केलं. बाहेरून रणगाडा गेला असता तरी सुई हलली नसती. रोज दुपारी जेवण झालं की मी एक रेकॉर्ड लावायचो. सनई, बुवा, जर्मन. जर्मन बाई मला आवडायला लागली होती. ती मला विचारायची, तुम्ही कसे आहात? आणि मग थांबायची. उत्तरासाठी जागा सोडायची. मी उत्तर द्यायचो – मराठीत – आणि ती पुढचं विचारायची. हसू नका. तुमच्या घरात तुम्हाला कोण विचारतं?

तर अशाच एका दुपारी, ऊन नुसतं भाजत होतं, मी जर्मन बाईवर सुई ठेवली आणि लाईट गेली. मशीन साध्या लाईटवर, पण स्पीकर आणि पंखा इन्व्हर्टरवर. म्हणजे तबकडी थांबत गेली आणि स्पीकर जिवंत. बाईचा आवाज आधी म्हातारा झाला, मग रेड्यासारखा झाला, मग गप्प. तबकडी उभी. मी सुई उचलायला हात पुढं केला.

आणि स्पीकरमधून आवाज आला. घर्रर्र... घर्रर्र... घर्रर्र...

मी हात तसाच धरून उभा.

घर्रर्र... घर्रर्र... दमानं, एका लयीत. दगडावर दगड. मध्येच बांगडीची बारीक किणकिण. मग लय जरा जलद झाली, आणि थांबली. आणि –

ठक ठक.

त्यानंतर काही नाही. स्पीकरची हलकी गुणगुण. मी मोजून सांगत नाही, पण लाईट येईपर्यंत तसाच उभा होतो, सुई उचलण्याच्या पवित्र्यात. बघणाऱ्याला वाटलं असतं पुतळा आहे.

तो आवाज मी कधीही ओळखेन. इतकी वर्षं रोज तो भिंतीपलीकडून ऐकला. मी इकडं दाढी करत असायचो किंवा बुटाची नाडी बांधत, आणि ती तिकडं चटणी वाटत असायची. तीन-चार घर्रर्र, बांगड्या, आणि मधूनच ते ठक ठक. मला वाटायचं वरवंट्याला चिकटलेलं झटकते.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? ग्रुपवरची पोरंही तेच म्हणाली. थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकलेली असली आणि आवाज चढवलेला असला की सुईचा कान होतो. टेबलावर बोट आपटा, स्पीकर बोलतो. फरशीवरून चाला, पावलं ऐकू येतात. हे शास्त्र आहे, आणि ते मी करूनही बघितलं. म्हणजे आसपास कुणीतरी वाटत असणार आणि तो हादरा पाट्यातून सुईत येत असणार.

पण कोण? मी गल्लीत दारोदार फिरलो. सगळ्यांकडं मिक्सर. एका घरी पाटा निघाला, त्याच्यावर मोटरसायकल उभी होती. मग मशीन पाट्यावरून काढून नुसत्या टेबलावर ठेवलं – काही नाही. पलंगावर ठेवलं – काही नाही. परत पाट्यावर – दुसऱ्या दुपारी, तबकडी न फिरवता, सुई टेकवली आणि बसलो – आला. घर्रर्र, किणकिण, ठक ठक. पाट्याला हात लावला तर गार, मेल्यासारखा स्थिर. अंगणात जाऊन वरवंटा बघितला. त्याच्यावर धूळ, आणि धुळीवरून मुंगळ्यांची रांग चाललेली.

रोज तेवढंच यायचं. ठक ठकपर्यंत. त्याच्या पुढं कधी जायचं नाही. आधी भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीला सुद्धा सोबत म्हणता येतं हे मला तेव्हा कळलं. मी जेवण लवकर उरकायला लागलो. सनईवाल्याला रजा दिली, जर्मन बाईला रजा दिली. तबकडी नुसती नावाला ठेवायची, सुई टेकवायची आणि खुर्ची ओढून बसायचं. कितीतरी दिवसांनी घरात कुणीतरी काम करत होतं आणि मी बसून होतो.

शेवटी शब्बीरभाईला बोलावलं. हा माझा कंडक्टर. माझी निम्मी नोकरी याच्या बेलवर गेली. निवृत्तीनंतर तोही केजमध्येच.

"क्या डायवरसाब, काळा तवा लेके बैठे?" आला तोच दात काढत. "इसपे धिरडं कधी?"

"गप बस अन् ऐक."

सुई टेकवली. घर्रर्र... घर्रर्र... शब्बीरभाईनं कान पुढं केला. "इंजिन है क्या?" म्हणाला. त्याला तसंही उजव्या कानानं कमी ऐकू येतं, ते माझ्या इंजिनाच्या कृपेनं. किणकिण त्याला ऐकू आली नाही. पण ठक ठक झालं मात्र – त्याचा उजवा हात आपोआप डोक्याच्या वर गेला. दोरी पकडायला. बसमध्ये छताखालून बेलची दोरी असते, कंडक्टर ती ओढतो. एकदा ओढली – थांबा. दोनदा ओढली – चला.

त्याचा हात तसाच वर.

"डबल बेल है ये," तो हळू आवाजात म्हणाला. "हौ ना?"

"ही कौसल्या हाय, शब्बीरभाई. पाट्यावर."

त्यानं हात खाली घेतला. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. बराच वेळ मांडीवर टोपी फिरवत बसला. मग म्हणाला, "मियाँ, भाभीनं तुझ्या संगं संसार केला. तिला काय बेल म्हाईत न्हाई? डबल बेल म्हणजे डबल बेल. निकलने का हुकुम. लेक बुलारी ना लातूरला? भाभी तेच सांगारी – बस झालं हितं, गाडी काढ."

"अन् लातूरच्या पुढचं निघायचं सांगत असंल तर?"

"वो बी एक रूट है," तो म्हणाला. "पण त्याची बेल आपल्याकडं नसते."

तो गेल्यावर मी विचार करत बसलो. ड्रायव्हर माणूस काहीही करेल, पण डबल बेल ऐकल्यावर उभा राहत नाही. बेल वाजली आणि गाडी हलली नाही तर मागून माणसं ओरडायला लागतात. ही किती दिवस बेल देत होती, आणि मी खुर्चीत बसून ऐकत होतो, मजेत! तिला वाटत असेल, याला काही कळत नाही का?

मंगलला फोन केला. "ये न्यायला. घर बंद करू."

फोनवर ती रडली. आनंदानं. मी दूधवाल्याला सांगितलं, तुळस शब्बीरभाईच्या शेजारणीकडं दिली, कपडे बांधले. मंगलच्या घरी माझी खोली तयार झाल्याचा फोटो आला – खिडकी, नवी चादर, सगळं चांगलं. त्या खोलीत रात्रंदिवस माणसांचा आवाज असणार. मला तर सुखच होतं. तरी बांधाबांध करताना हात जड होत होते. एकदा घर बंद केलं की ही कुणासाठी वाटणार? पण तीच म्हणत होती ना, चला...

मंगल दुपारी आली. गाडी दारात लावली, पदर खोचला आणि माझ्या तीन पिशव्यांच्या सहा केल्या. आईवर गेलीय. "आण्णा, ते मशीन बांधा की आता. त्याच्यासाठीच खोका आणलाय."

"थांब. एकदा लावतो, मग बांधू."

"ऊन वाढायलंय."

"एकदाच."

मी तिला काही सांगितलं नव्हतं. बाप एकटेपणानं वेडा झाला असं तिला वाटू नये, एवढंच. तिला वाटलं गाणं लावणार. तबकडी ठेवली, मोटर सुरू केली नाही, सुई टेकवली, आवाज चढवला. मंगल पाठमोरी, सुतळीनं पिशवी बांधत होती.

घर्रर्र... घर्रर्र... घर्रर्र...

तिचे हात थांबले की नाही ते मी बघितलं नाही. मी डोळे मिटले होते. शेवटचंच ऐकत होतो. किणकिण. लय जलद झाली. थांबली.

ठक ठक.

फरशीवर पावलं वाजली. स्पीकरमधून नव्हे, खोलीत – आणि मग लगेच स्पीकरमधूनही, कारण सुई सगळंच ऐकते. मी डोळे उघडले. मंगल उठून स्वयंपाकघराकडं चालली होती. हातात सुतळी तशीच. आत डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज झाला. ती परत आली, उजवी मूठ मिटलेली, आणि मशीनपुढं येऊन उभी राहिली. मग इकडंतिकडं बघायला लागली. जणू मूठ कुठं उघडायची ते तिला कळेना.

"काय आणलंस?" मी विचारलं.

तिनं मूठ उघडली. खडेमीठ.

"आईनं मागितलं ना," ती म्हणाली. आणि म्हटल्यावर तिचं तिलाच कळलं आपण काय बोललो ते. रंग उडाला तिचा. "आण्णा... कोण वाजवायलंय हे?"

"कधी मागितलं? काय बोलली आई?"

"बोलायची कुटं ती. हात चटणीनं भरलेले असायचे. दोनदा ठोकायची वरवंट्यानं. दोनदा म्हंजे मीठ आण. लहानपणापासून तेच काम व्हतं माजं." ती माझ्याकडं बघत राहिली. "तुमाला म्हाईत न्हवतं?"

मला माहीत नव्हतं. भिंतीच्या एका बाजूला तिचं आणि लेकीचं एवढं मोठं दळणवळण चालू होतं आणि दुसऱ्या बाजूला मी नाडी बांधत होतो. लेक सासरी गेल्यावरही ती ठक ठक करतच होती, ते मात्र मला चांगलं आठवतंय. तेव्हा कोण उठत होतं? बहुतेक तीच.

"घाल की मग," मी म्हणालो. "तिष्ठत ठेवलंय तिला."

मंगलनं मशीनच्या कडेला, पाट्याचा जो कोपरा उघडा होता त्याच्यावर मीठ ठेवलं. दोन खडे फरशीवर सांडले.

आणि आवाज पुढं गेला.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आता घर्रर्र नव्हतं, ओलं, मऊ, सारखं होत गेलेलं वाटण. मिठाचे खडे आधी करकरले, मग विरघळले. मंगल माझ्या खुर्चीचा हात धरून खाली बसली. मग वरवंटा उभा केल्याचा आवाज. मग तळहातानं पाटा निपटल्याचा तो लांब, सपाट आवाज – एकदा, परत एकदा. बांगड्या मागं सारल्या. त्यानंतर स्पीकरमध्ये काही उरलं नाही. गुणगुण सुद्धा मला कमी वाटली.

"झाली चटणी," मंगल म्हणाली, अगदी साध्या आवाजात, आणि मग तोंडावर पदर घेतला.

कोपऱ्यातलं मीठ तिथंच होतं, खडान् खडा. मी बोट लावून बघितलं. कोरडं.

"मंगल," मी थोड्या वेळानं म्हणालो, "मला वाटलं, ती चला म्हणायली. तिला मीठ पाहिजे व्हतं."

"म्हून काय ऱ्हाताव आता? आण्णा, वाटून झालं. आईकू आलं ना तुमाला? संपलं."

"आजचं संपलं. चटणी परत लागत न्हाई का कधी?"

ती लई बोलली मला. हट्टी म्हणाली, आईला जिवंतपणी सोबत दिली नाही ती आता द्यायला निघालाव म्हणाली – ते लागलं, पण खरं होतं त्याला काय करणार. सहा पिशव्या सोडून तिनं परत कपाटात लावल्या, घड्या घालून, एकेक, आणि जाताना काचेतून हात केला. मी दारात उभा होतो. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत.

याला आता बरेच महिने झाले. स्पीकरमधून परत काहीही आलेलं नाही. मी रोज दुपारी सुई टेकवून बसतो. मशीन तेच, पाटा तोच, ट्यूबचे तुकडे तेच. ग्रुपवर मी सगळं लिहिलं, तर पोरांनी हादऱ्याची, तारांची, कुठून कुठून येणाऱ्या रेडिओची कारणं दिली. मी सगळी तपासली. एकाही कारणात मीठ बसत नाही. एक मुलगी म्हणाली, काका, शौकीन लोक वर्षानुवर्षं मरमर करतात असा गुणगुण नसलेला, शांत सेट मिळावा म्हणून, तुम्ही नशीबवान. खरंय तिचं. सबंध मराठवाड्यात एवढा शांत सेट कुणाकडं नसेल, हे मी अजिबात न वाढवता सांगतो. सनईवाला असा वाजतो की त्याचा श्वास ऐकू येतो. शब्बीरभाई येतो, ऐकतो, मान डोलावतो, आणि मध्येच माझ्याकडं बघून विचारतो, "बेल?" मी मान हलवतो. नाही.

काय होतं ते, मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर सांगा, मी ऐकेन. पटेलच असं नाही.

परवा दुपारी सुई टेकवलेली होती आणि फार वेळ काहीच झालं नाही. तेव्हा मीच पाट्यावर बोटाच्या गाठीनं ठोकलं – दोनदा. स्पीकरमधून चांगला मोठा, स्वच्छ आवाज आला. सगळ्या घरात घुमला, स्वयंपाकघरातल्या मिठाच्या डब्यापर्यंत गेला. मी वाट बघितली.

मग मीच उठलो.